ढोकीची गाडी, संग्रहालयमार्गे

आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि "गप बस की जरा" म्हणायचं काम यांचं. पस्तीस वर्षं ही वाटणी बिनबोभाट चालली. हे एस.टी.त कंडक्टर. दिवसभर गाडीत ओरडून घसा बसलेला असायचा, त्यामुळं घरी आलं की यांना शांतता पाहिजे. आणि मी अंगणवाडीत दिवसभर बारक्या पोरांशी बोलून आलेली, मला घरी कुणीतरी मोठं माणूस बोलायला पाहिजे. चहाचं आधण ठेवतानाच मी सुरू व्हायची. शेजारणीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार होत आला की हे बुटाची नाडी सोडता सोडता म्हणायचे, "गप बस की जरा." मी कधी म्हणजे कधीच गप्प बसले नाही. उलट पहिल्यापासून परत सांगायला लागायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी यांना लकवा मारला. सकाळची वेळ, दाढी करत होते. हातातला ब्रश खाली पडला, मला हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच नाही. धाराशिवातच राहतो म्हणून दवाखान्यात वेळेवर पोचलो. पाय दोन-तीन महिन्यांत सुधारला, काठी सुटली. उजवा हात कप धरण्याइतका आला, पण हे तो वापरायचेच नाहीत, सगळं डाव्यानं. आणि वाचा गेली ती गेलीच. "हां" आणि "न्हाय" एवढे दोन शब्द उरले, तेसुद्धा कधीकधी उलटे पडायचे.

डॉक्टर भला माणूस. मला समोर बसवून म्हणाले, "मावशी, यांना सगळं कळतं. शब्द आतच आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय. गोळ्या चुकवू नका, व्यायाम चुकवू नका, आणि यांना बोलतं करा. माणसांत न्या."

बोलतं करा म्हटल्यावर मी पदर खोचला. मी किती पोरांना बोलायला शिकवलं, मग नवऱ्याला शिकवायला काय धाड भरलीय? घरात अंगणवाडीचा जुना तक्ता गुंडाळून ठेवलेला होता, तो काढून भिंतीला लावला आणि पट्टी घेऊन उभी राहिले. "अ अननसाचा. म्हणा, अननस." या माणसानं जन्मात अननस खाल्लेला नाही. माझ्याकडं बघत राहिले. "बरं, आ आगगाडीचा. म्हणा." एस.टी.तल्या माणसाला आगगाडी! मला तेव्हा काही सुचत नव्हतं. आठ दिवस रोज सकाळी हा तमाशा चालला. नवव्या दिवशी यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुमच्यापरीस माझी तीन वर्षांची पोरं बरी!"

बोलले आणि जीभ चावली. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तक्ता उतरवून माळ्यावर फेकला आणि स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर यांनी बाहेर पडणं सोडलं. यांची सगळी ओळख म्हणजे आवाज. बाजारात गेलं की दहा माणसं भेटायची, कुणी यांच्या गाडीनं कॉलेजला गेलेलं, कुणी लग्नाला. एकदा दाराशीच एक जुने प्रवासी भेटले, त्यांना काही माहीत नव्हतं. हसत म्हणाले, "काय कंडक्टर साहेब, आज आवाज डेपोत ठिवून आलाव का?" यांनी मान खाली घातली आणि आत येऊन कडी लावली.

आणि मग येळवस आली. आमच्या भागात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस सापडायचं नाही, सगळी रानात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग घरच्या एका माणसानं आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची, मोठ्यानं गजर करत. बाकीच्यांनी त्याच्या मागं ओरडायचं. आमचं रान बेंबळीला, धाकटे दीर कसतात. गजर मात्र दरवर्षी यांचाच. चार शिवा ओलांडून आवाज जायचा, शेजारच्या रानातली माणसं म्हणायची, "ऐका, कंडक्टरची गाडी सुटली." त्या वर्षी हे आलेच नाहीत. कपडे काढून ठेवले होते मी, तर ते घडी करून परत कपाटात ठेवले. दिरांनी कसाबसा गजर केला आणि भज्जी, म्हणजे येळवशीची ती मिसळ भाजी, अर्धी तशीच उरली.

मी बोलायची कमी झाले असं नाही. पण "गप बस" म्हणणारं कुणी नसलं की बोलण्यात राम राहत नाही. मी चहा करताना सुरू व्हायची आणि अर्ध्यावर आपोआप थांबायची. घर मला खायला उठायचं. सरळ सांगते, मला यांचा आवाज पाहिजे होता, आणि तो सुद्धा माझ्यावर डाफरणारा पाहिजे होता.

माझी अक्का, म्हणजे मोठी बहीण, तेरला दिली आहे. गुडघ्यांनी पार बेजार. पण त्या दिवसांत फोनवर तिचा आवाज फार खुशीत यायला लागला. मी विचारलं, "काय गं, गुडघं बदलून घेतलंस का?" तर म्हणे, "न्हाय गं, दर गुरुवारी म्युझियमला जाते मी."

आता तेरचं संग्रहालय मला काय नवीन? अंगणवाडीच्या पोरांची सहल दोनदा तिथंच नेलेली. जुन्या काळी हे केवढं मोठं व्यापाराचं गाव, इथला माल पार समुद्रापार जायचा, हे सगळं पाठ. आणि तेरच्या माणसाला जुन्या वस्तूंचं अप्रूप ते किती असणार? नांगर लागला की मणी वर यायचे, अक्काची सासू तेच ओवून नातवंडांच्या गळ्यात घालायची. पण अक्का सांगत होती ते वेगळंच. तिथं एक नवीन मॅडम आल्या होत्या. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजारी माणसांना गुरुवारी दुपारी बोलवायला सुरुवात केली होती. जुन्या वस्तूंच्या मातीच्या नकला करून घेतलेल्या, त्या हातात द्यायच्या आणि विचारायचं, हे काय असेल सांगा. मग सगळ्यांनी वाद घालायचा.

"एकदा एक खरबडीत तुकडा दिला बघ हातात," अक्का म्हणाली. "कुणी म्हणं खेळणं, कुणी म्हणं देव. म्या म्हणलं, अवं ही तर वज्री हाये! टाचा घासायची! माझ्या न्हाणीत हाय की. तर मॅडम म्हणल्या, आजी, बरोबर. दोन हजार वर्षांमागं बी बायकांच्या टाचा फुटायच्या! लई हसलो गं. तिथं गेलं की गुडघा हाये हेच इसरते मी. तू पाव्हण्यांना घेऊन ये."

"दगडं बघून माणूस बोलतं व्हय गं?"

"मग तुझा अननस बघून बोललं का?"

मी फोन ठेवला. पण बोलणं लागलंच होतं. गुरुवारी यांना म्हणाले, "अक्काचे गुडघे धरलेत, बघायला जाऊ." हे खोटंही नव्हतं. बहिणीच्या गुडघ्याला नाही कसं म्हणणार, आले.

कितीतरी महिन्यांनी हे एस.टी.त बसले. कंडक्टर नवीन पोरगा होता, ओळखत नव्हता, त्यामुळं यांना बरं वाटलं. खिडकीशी बसले. एकेक थांबा येत होता, बेल वाजत होती, आणि प्रत्येक वेळी मला यांचे ओठ हलताना दिसत होते. मला वाटलं, जप चाललाय. म्हटलं चला, देव तरी आठवला.

पहिल्या गुरुवारी हे कोपऱ्यात खुर्चीवर बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. मॅडमनी नमस्कार केला, पण "काय होतंय काकांना" असं विचारलं नाही, की "बोला" म्हणाल्या नाहीत. फक्त ती वज्री आणून हातात ठेवली. यांनी ती उलटीसुलटी केली, अंगठ्यानं घासून बघितली आणि माझ्या टाचांकडं बघून हसले. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू, आणि तेही माझ्या टाचांवर! मला राग यायला पाहिजे होता, पण कुठला येतोय.

दुसऱ्या गुरुवारी ओली माती वाटली. ज्याला जे सुचेल ते करा. अक्कानं बैल केला, तो डुकरासारखा झाला. दवाखान्यातून हाताच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू यांनी कपाटाखाली कधीच लोटून दिला होता, पण इथं तासभर दोन्ही हातांनी माती मळत होते. उजव्या हातानं पण! काहीतरी चौकोनी केलं, त्याला कप्पे पाडले. अक्का म्हणाली, "पाव्हण्यांनी वीट केली." मी बघितलं आणि ओळखलं. जुन्या काळी यंत्र नव्हतं तेव्हा कंडक्टरकडं रंगीत तिकिटांची पेटी असायची, ती पेटी होती. मी "तिकिटाची पेटी!" म्हणून ओरडलेच, आणि यांनी अशी मान हलवली की जणू मी मोठी परीक्षा पास झाले.

तिसऱ्या गुरुवारी ते घडलं. मॅडमनी भिंतीवर मोठा नकाशा लावला होता, जुन्या व्यापाराच्या वाटांचा. सगळे समोर बाकांवर बसलेले. मॅडम काठीनं दाखवत होत्या, "हे आपलं तेर. इथून बैलांवर, गाड्यांवर माल निघायचा. इथून थेट पैठण. आणि तिथून पार वर भडोच, तिथं समुद्र."

हे उठून उभे राहिले. कपाळाला आठी. नकाशाजवळ गेले आणि तेर आणि पैठणच्या मधली ती मोकळी रेघ बोटानं ठोकायला लागले. मॅडमना कळेना. मलाही कळेना. मी म्हणाले, "अहो, बसा, हात नका लावू." यांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. मॅडमच्या हातातली काठी घेतली, उजव्या हातात, आणि तेरच्या खाली, जिथं नकाशावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथं टेकवली.

"उस्मानाबाद," हे म्हणाले.

आवाज घोगरा, पण शब्द लख्ख. आमच्या गावाचं नाव आता धाराशिव झालं असलं तरी गाडीच्या पाटीवर जन्मभर तेच होतं, म्हणून तेच आलं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. काठी वर सरकली.

"उपळा." जरा थांबले. मधल्या दोन फाट्यांची नावं पुटपुटले, ती मलाही माहीत नव्हती. "तेर." काठी त्या मोकळ्या रेघेवर आली, आणि हे असे ओरडले की दारातला पहारेकरी आत धावत आला. "ढोकी! ढोकी उतरा!"

आणि काठीनं नकाशाच्या चौकटीवर दोनदा वाजवलं. टक टक. डबल बेल.

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं, काका. ढोकी राहिलीच." सगळी बैठक हसायला लागली. अक्का आपल्या गुडघ्यांसकट उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलगाड्या ढोकीला न थांबता गेल्या, याचा या माणसाला राग आला होता, आणि त्या रागानं वाट उघडली.

परतीच्या गाडीत मी नीट बघितलं. ओठ हलत होते तो जप नव्हताच, थांबे होते. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी घरी येऊन म्हणाले, "फक्त ढोकी म्हणा." येईना. तोंड उघडं, शब्द नाही. "बरं, उस्मानाबादपासून म्हणा." धडाधड ढोकीपर्यंत गाडी गेली. म्हणजे यांचे शब्द सुटे निघत नव्हते. गाडी डेपोतूनच सुटायला पाहिजे आणि एकेक थांबा घेत यायला पाहिजे. मधेच कुठं हात करून थांबणार नाही!

मग काय, मी घरात गाड्याच सुरू केल्या. चहा पाहिजे असेल तर नुसतं "चहा" म्हणा म्हणायचं नाही. मी गॅसशी उभी राहून सुरुवात करायची, "पातेलं," आणि हे पुढं यायचे, "पाणी… साखर… पत्ती… दूध… चहा!" शेवटचा थांबा आला की दोघं मिळून ओट्यावर टक टक. आंघोळीची एक गाडी, जेवणाची एक गाडी, मुलाला पुण्याला फोन लावायची एक गाडी. शेजारीण एकदा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "दोघांचं बी डोस्कं फिरलं वाटतं." मी म्हटलं, "ये तू बी, जागा हाये."

डॉक्टरांना सांगितलं. ते खूश झाले, म्हणाले, पाठ असलेलं, गाण्यासारखं, क्रमानं येणारं कधीकधी असं शाबूत राहतं, तोच धागा धरा. गोळ्या आम्ही एक दिवस चुकवल्या नाहीत, उगीच कुणी समजायचं की दगडं बघून लकवा बरा होतो. पण गोळीनं माणूस जगतं, आणि जगून करायचं काय हे ज्या जागी कळतं ती जागासुद्धा औषधाइतकीच लागते, हे माझं मत आहे. पटत नसेल तर सोडून द्या.

मॅडमना मी गाड्यांचं सांगितलं तर त्यांनी संग्रहालयाचीच गाडी केली. दारापासून सुरू. हे पुढं, बाकीचे मागं. "दिवा… मणी… शंखाच्या बांगड्या… वज्री… हस्तिदंताची बाहुली." प्रत्येक कपाटाशी थांबा, आणि पुढं निघताना टक टक. दोन-तीन महिन्यांत हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांनासुद्धा फिरवायला लागले. दारात गर्दी झाली की मध्येच आपोआप तोंडातून यायचं, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय!" लोक हसत पुढं सरकायचे. गुरुवारी सकाळी हे स्वतः दाढी करून, बूट घालून माझ्या आधी तयार. रक्तदाब उतरला, झोप लागायला लागली. बाजारात जायला लागले. कुणी ओळखीचं भेटलं की हात वर करून दोन बोटांनी हवेतच बेल ओढायचे, माणूस समजून जायचा.

एवढं झालं तरी एक गोष्ट मला टोचत होती. सगळं रांगेनं येत होतं. यांच्या मनात आत्ता, या क्षणी आलेलं असं काही, माझ्यासाठी म्हणून, एक शब्द निघत नव्हता. मी सकाळी मुद्दाम जास्त बडबड करायची, वाट बघायची. हे नुसते हसायचे.

पुन्हा येळवस आली. या वेळी मी कपडे काढून ठेवले, तर हे म्हणाले, "हां." आणि तो हां सरळ होता. बेंबळीच्या रानात पोचलो. कोप उभी होती, पाच पांडव पांढरेशुभ्र, आंबिलाचं गाडगं तयार. दिरांनी गाडगं यांच्यापुढं धरलं. "दादा, तुमीच करायचं."

यांनी उजव्या हातानं आंबिलात लिंबाचा डहाळा बुडवला आणि उभे राहिले. सगळं घर, आलेले पाहुणे, अक्का बाजेवर बसलेली, सगळ्यांचं लक्ष यांच्या तोंडाकडं. म्हटलं, आता नाही आलं तर हा माणूस परत कडी लावून घेईल. आणि मला राहवेना. मी सुरू झाले. "अहो, घाबरू नका. डेपोतनं सुटा. आधी कोपीपासून सुरू करा. कोप म्हणा. मग पांडव. मग विहीर. मी म्हणू का आधी? मी म्हणते, माझ्या मागनं या. कोप… अहो, कोप म्हणा की, आणि डहाळा जरा वर धरा, तसा न्हाय, आंबील सांडतंय, मी सकाळीच म्हणलं होतं बारकं गाडगं घ्या…"

हे वळले. कपाळाला तीच ती आठी.

"गप बस की जरा!"

कुठल्या डेपोतून नाही, कुठल्या थांब्यावरून नाही. सरळ माझ्यावर. अक्कानं तोंडावर पदर घेतला. यांना स्वतःलाच कळायला क्षणभर लागलं, आणि मग यांचे डोळे भरले, आणि त्याच डोळ्यांनी हसायला लागले. मग डहाळा उचलला, आणि गजर असा उठला की शेजारच्या रानातून कुणीतरी ओरडलं, "सुटली रे कंडक्टरची गाडी!"

सगळे यांच्या मागं ओरडत फेरीला निघाले. मी कोपीशीच उभी होते. मला म्हणायचं तर खूप होतं. पण पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी यांचं ऐकलं, आणि फेरी पुरी होईस्तोवर गप्प बसले.